घडी मोडणाऱ्या सिस्टर

आमच्या वॉर्डात एका शब्दाला बंदी होती. शिव्या चालायच्या. खरंच सांगते, टाके दुखून एखाद्या म्हाताऱ्यानं डॉक्टरांच्या सात पिढ्या काढल्या तरी आमच्या सिस्टर शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि त्याची उशी सारखी करायच्या. पण "ठीक आहे" म्हटलेलं चालायचं नाही. पेशंटनं म्हणायचं नाही, नर्सनं म्हणायचं नाही, आणि माझ्यासारख्या आयेनं तर नाहीच नाही.

"ठीक म्हणजे काय?" कमरेवर हात ठेवून त्या विचारायच्या. "जखम ठीक असते का कधी? भरत आलेली असते नाहीतर चिघळलेली असते. दुखत असेल तर कुठं ते सांगा. नसेल तर नाही म्हणा. हे मधलं ठीक-बीक माझ्या वॉर्डात नको."

माझी सगळी नोकरी सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेली. आया म्हणून लागले, आया म्हणूनच रिटायर झाले. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते औषधांच्या खोक्यांवरून आणि डब्याला गुंडाळलेल्या पेपरांवरून. इतक्या वर्षांत डॉक्टर पाहिले, मेट्रन पाहिल्या, पुढारी पाहिले. पण लिहावं असं माणूस एकच, आमच्या इनचार्ज सिस्टर. म्हणजे आमच्या वॉर्डाच्या मुख्य नर्स. नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि त्यांना न आवडणारं काही करायची हिंमत मला अजून होत नाही.

उंच, काटकुळ्या. घड्याळ मनगटावर नाही, छातीशी उलटं टाचलेलं. मे महिन्यात, सोलापूरचं ऊन कसं असतं तुम्हाला माहीत आहे, अशा उन्हातसुद्धा त्या गरम पाणी प्यायच्या, आणि आम्ही माठातलं पितो म्हणून आमच्याकडं दयेनं बघायच्या. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. गावं राहायची. मग हाक गावाच्या नावानं. "ओ वेळापूर, डबा आणलाय का वडलांना?" "जेऊर, इकडं या, सलाईन संपत आलंय." एखादी बाई बावरून म्हणायची, "सिस्टर, माझं नाव..." तर त्या म्हणायच्या, "नाव घरी ठेवा, गाव सांगा." हसूबिसू नाही चेहऱ्यावर. नर्सनासुद्धा तसंच. नवीन पोरगी आली की पहिल्या दिवशी तिचं नाव जायचं आणि ती बार्शी नाहीतर अक्कलकोट होऊन जायची.

सकाळी ड्यूटीवर येणाऱ्या नर्सला त्या "कशी आहेस" असं विचारायच्या नाहीत. विचारलं की लोक ठीकच म्हणणार. त्या विचारायच्या, "काल काय जेवलीस?"

आता हा काय प्रश्न झाला? पण विचारून बघा एखाद्याला. जे माणूस धड असतं ते पटकन सांगतं, ज्वारीची भाकरी, वांगं, काल आमच्याकडं भात उरला होता. जे आतून मोडत आलेलं असतं त्याला आठवतच नाही. किंवा ते म्हणतं, जेवले काहीतरी. "काहीतरी" म्हणणाऱ्या पोरीला त्या दिवशी सिस्टर जड पेशंट द्यायच्या नाहीत. बोलून दाखवायच्या नाहीत हं. फक्त खाटा बदलून टाकायच्या. दुपारी तिच्या डब्याचं झाकण उचलून बघायच्या आणि डबा भरलेला दिसला की समोर खुर्ची ओढून बसायच्या. समोर बसून त्या असं बघायच्या की घास आपोआप गिळला जायचा.

पण त्यांची खरी ख्याती चादरींची.

सिस्टर सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या. घरी सगळं तेलुगू. वडील चादरीच्या कारखान्यात होते, मागावरून उतरलेल्या चादरींना घडी घालायच्या खात्यात. सुट्टीच्या दिवशी त्या वडलांबरोबर जायच्या आणि दोघं समोरासमोर उभं राहून घड्या घालायची. चादर झटकायला एक माणूस पुरतं, पण घडी काटेकोर बसायला दोघं लागतात. एका टोकाला एक, दुसऱ्याला दुसरा. ताणायचं, मग चालत एकमेकांकडं यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागं जायचं.

हे त्यांनी दवाखान्यात आणलं. वॉर्डात पेशंट गेला, की त्याच्याजवळ शेवटपर्यंत जी नर्स होती तिला त्या लगेच पुढच्या खाटेकडं जाऊ द्यायच्या नाहीत. "लिननला जा," म्हणायच्या. लिनन म्हणजे वॉर्डाच्या टोकाची चादरींची खोली. सोबत दुसरं कुणीतरी जायचं, नर्स असो, मी असो, झाडूवाला मामा असो. दोघांनी मिळून चादरींच्या घड्या घालायच्या. बोलायचंच असं नाही, न बोलायचंच असंही नाही. पण घडी घालताना समोरच्याकडं बघावं लागतं की नाही? तो कधी ताणतोय, कधी सैल सोडतोय, कधी पाऊल उचलतोय. तेवढ्यानंच निम्मं काम होऊन जायचं.

"रडू आलं तर रडायचं," सिस्टर बजावायच्या. "पण टोक सोडायचं नाही. चादर जमिनीला लागली तर परत धुवायला जाईल."

नव्या पोरी पहिल्यांदा मला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या, "मावशी, ह्या बाई जरा ह्या हायेत का ओ?" आणि बोट डोक्याजवळ फिरवायच्या. मी म्हणायचे, "व्हय. जरा न्हाय, चांगल्याच हायेत."

कारण मला एक गोष्ट माहीत होती. चादरी धोब्याकडून घडी घालूनच यायच्या! मी त्या कपाटात रचून ठेवायचे, कडा जुळवून, बघणाऱ्यानं बघत राहावं अशा. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्या विस्कटलेल्या. मला वाटायचं मामांचं काम. त्यांच्याशी दोनदा भांडले. मग एका दुपारी लिननचं दार उघडलं तर आमच्या सिस्टर उभ्या, हातात चादर, फट्‌ करून झटकली, टाकली ढिगावर, घेतली दुसरी.

"ओ सिस्टर! घातलेल्या घड्या मोडायलाव का काय?"

"मोडायलेय."

"आन् का म्हणून?"

"वॉर्ड जड आहे आज," त्या म्हणाल्या. "कामाला येतील."

तेव्हापासून मी कपाट रचायचे आणि त्या मोडायच्या. मी तक्रार केली नाही. कपाट विस्कटलेलं असलं की मला उलट धीर यायचा. कुणीतरी आपला विचार करून ठेवलाय असं वाटायचं.

एक पोरगी केम गावची होती. म्हणजे आमची केमच. नवीन लागली होती, आवाज असा की शेजारच्या खाटेवरच्यालासुद्धा ऐकू जाऊ नये. तिच्याकडं एक म्हातारेबाबा होते. त्यांना ती रोज पेज भरवायची. ते गेले दुपारी, हिच्या हातात हात असताना. सिस्टर तिच्याजवळ गेल्या तर ही ताठ उभी राहून म्हणते, "मी ठीक हाय सिस्टर."

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मावशी, हिला लिननला न्या."

खोलीत गेल्यावर पोरगी मला म्हणाली, "मावशी, मी बॅग भरून आणलीय. ड्यूटी संपली की केमची गाडी धरणार. परत येणार न्हाय. मला ह्ये जमत न्हाय."

"बरं," मी म्हटलं. "टोक धर."

तिनं असं ओढलं, असं ओढलं, की चादरीची शिवण टर्रकन उसवली. घाबरली बिचारी. "फाटली की ओ मावशी!"

"फाटू दे. दुसरी घे."

दुसऱ्या चादरीला ती बोलायला लागली. "सकाळी पेज दिली ओ मी त्यास्नी. म्हणाले, उद्या जरा गूळ घालून आण पोरी." आणि मग जे रडू फुटलं ते फुटलं. पण टोक सोडलं नाही तिनं, हे मात्र सांगितलं पाहिजे.

सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "गाडी धर. गावाला जा, आईच्या हातचं जेव. परत यायचं की नाही ते जेवल्यावर ठरव. उपाशीपोटी ठरवू नको." तिची सुट्टी त्यांनीच मंजूर करून आणली.

केम आली परत. येताना गावच्या कुंकवाच्या पुड्या घेऊन आली, वॉर्डातल्या सगळ्या बायकांना. सिस्टरांनी कुंकू लावून घेतलं आणि विचारलं, "काल काय जेवलीस?" पोरगी म्हणाली, "मासवडी." सिस्टर म्हणाल्या, "खाटा घे तुझ्या."

हे सगळं सांगितलं ते पुढचं कळावं म्हणून.

वरच्या मजल्यावर एक सिस्टर होत्या, आमच्या सिस्टरांच्या ट्रेनिंगपासूनच्या मैत्रीण. साथीची ती वाईट वर्षं दोघींनी बरोबर काढलेली. जेवणाच्या सुट्टीत जिन्याच्या पायरीवर बसून दोघी एकाच डब्यात जेवायच्या आणि एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. त्या आजारी पडल्या. आमच्याच वॉर्डात आल्या. आणि आमच्याच वॉर्डात गेल्या.

सिस्टरांनी त्यांचं सगळं स्वतःच्या हातानं केलं. केस विंचरले, पांढरी चादर अंगावर घातली, नातेवाइकांना गाडीपर्यंत सोडून आल्या. आणि आल्या त्या थेट पुढच्या खाटेकडं गेल्या. सलाईन बघितलं, कागद बघितले. त्यांना "लिननला जा" कोण म्हणणार? आमच्यात तेवढ्या मोठ्या हुद्द्याचं माणूसच नव्हतं.

काम चुकलं नाही त्यांचं. हीच तर भीती. पहिल्यापेक्षा जास्त काम करायला लागल्या. सुट्टीच्या दिवशी येऊन बसायच्या. पोरींना प्रश्न विचारायच्या, पण उत्तर ऐकायच्या आत पुढं गेलेल्या असायच्या. जेऊरला वेळापूर म्हणायला लागल्या. आणि मी बघत होते, कपाट तसंच्या तसं राहायला लागलं. मी रचलेलं, सरळ, कडेला कड. उघडावं तेव्हा तसंच. कुणी एक चादर झटकलेली नाही. त्या नीटनेटक्या कपाटाकडं बघून मी दार झटकन लावून टाकायचे.

त्यात मेट्रन रिटायर होणार होत्या. मेट्रन म्हणजे सगळ्या दवाखान्याच्या नर्सची प्रमुख. त्या खुर्चीसाठी पहिलं नाव आमच्या सिस्टरांचं, हे कॅन्टीनच्या पोऱ्यालासुद्धा ठाऊक होतं. सिस्टरांनाही ती खुर्ची हवी होती. लई हवी होती. त्यांचे वडील कारखान्यात सगळ्यांना सांगायचे म्हणे, माझी मुलगी एक दिवस मेट्रन होणार. वडील गेले, पण बोलणं राहिलंच की. मुलाखत जवळ आली होती.

अशात एका दुपारी ओव्हर चालली होती. ड्यूटी बदलताना आधीच्या नर्स पुढच्या नर्सना पेशंटची खबरबात देतात, त्याला ओव्हर म्हणतात. सगळ्या टेबलाभोवती उभ्या. एक लहान डॉक्टर जाता जाता म्हणाले, "काय सिस्टर, दमल्यासारख्या दिसताय?"

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या.

टेबलाभोवती सगळ्यांची पेनं थांबली. सिस्टरांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. त्या पुढची खाट सांगायला लागल्या. आणि सगळ्यात मागून, त्या ऐकू न येणाऱ्या आवाजात, केम बोलली.

"सिस्टर, त्यो शब्द आपल्या वॉर्डात चालत न्हाय."

सिस्टर वळल्या. असा राग मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. "तू मला शिकवणार? काल आलीस तू!"

मला वाटलं आता ही पळते. पण ती म्हणाली, "न्हाय ओ, शिकवत न्हाय. एकच इच्यारते. काल काय जेवला तुमी?"

सिस्टरांनी छातीवरच्या घड्याळाला हात लावला, जसं काही त्यात बघून सांगणार होत्या.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या.

मग सिस्टरांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, शेजारी उभ्या असलेल्या बार्शीच्या हातात दिला आणि स्वतःहून लिननकडं चालायला लागल्या. मी धावत पुढं गेले. कपाट उघडलं. हाताला येईल ती चादर ओढली, झटकली, टाकली. माझ्या हातानं रचलेलं ते सगळं कपाट मी मोडलं, आणि सांगते, आयुष्यात एवढं मन लावून कुठलं काम केलं नसेल.

केमनं एक चादर उचलली. दुसरं टोक पुढं केलं. "धरा, सिस्टर."

जी बाई बापाच्या कारखान्यात घडी शिकली, तिची टोकं जुळेनात. एकदा तिरकी, एकदा उलटी. केम "असू दे, परत घेऊ," एवढंच म्हणायची आणि मागं सरकायची. शेवटी एकदा टोकाला टोक लागलं, दोघींचे हात एकमेकींत आले, आणि सिस्टर तिथंच खाली बसल्या. तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. माझा जन्म त्या विणकर गल्ल्यांच्या शेजारी गेला, मला कळलं. आपल्या मेलेल्या मैत्रिणीचं नाव घेऊन त्या म्हणत होत्या, दमले गं, लई दमले.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मावशी, ऑफिसात चला माझ्याबरोबर. एकटीला भीती वाटायलीय."

सुट्टी मागायला गेलो. क्लार्क ओळखीचा. म्हणाला, "कारण काय टाकू सिस्टर? ताप टाकतो."

"ताप नाही मला. दमले असं टाका."

"असलं कारण नसतंय ओ."

"तुमच्या ऑफिसात माणसं दमत नाहीत?"

"दमतात की."

"मग टाका."

त्यानं घाबरून आम्हाला मोठ्या साहेबांकडं पाठवलं. मोठे साहेब म्हणजे दवाखान्याचे मुख्य डॉक्टर. माणूस भला. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "सिस्टर, तुमची मुलाखत तोंडावर आलीय. वरची मंडळी हे वाचणार. पाठदुखी लिहा, ताप लिहा, मी डोळे झाकून सही करतो."

"तापावर सही करता तर ह्याच्यावर का नाही, साहेब?"

"कारण ताप उतरतो असं लोक धरून चालतात. नर्स दमली म्हटलं की म्हणतात, बाई संपली."

"संपले नाही. दमलेय," सिस्टर म्हणाल्या. "आज मी ताप लिहिला तर उद्या माझ्या पोरी ताप लिहितील. सारखा ताप तरी किती लिहिणार, मग दमलेल्याच दहा तास उभ्या राहतील, आणि एक दिवस कुणाच्या तरी तोंडात भलतीच गोळी जाईल. माझ्या वॉर्डात मी खोटं दुखणं चालवून घेत नाही. स्वतःचं कसं चालवू?"

"आणि मेट्रनची जागा?"

मी सिस्टरांच्या मागं उभी होते, पाठीमागं बांधलेले हात मला दिसत होते. एका हातानं दुसरा गच्च धरलेला.

"ती तुम्ही ज्याला द्यायची त्याला द्या," त्या म्हणाल्या. "कागद मी बदलणार नाही."

साहेबांनी सही केली. बाहेर आल्यावर सिस्टर भिंतीला टेकल्या. "मावशी, पाणी द्या," म्हणाल्या. मी माठाकडं वळले तर मागून आवाज, "गरम."

तेव्हा मला कळलं, ही बाई वाचली.

मेट्रनची खुर्ची दुसऱ्या बाईंना मिळाली. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. सिस्टर आपल्या भावाकडं पूर्व भागात जाऊन राहिल्या. मी भेटायला गेले तर दुपारच्या झोपलेल्या. वहिनी म्हणाली, जेवतात आणि झोपतात. मी न उठवता परत आले. आणि सुट्टी संपवून ज्या दिवशी त्या वॉर्डात आल्या, त्या दिवशी आधी लिननला गेल्या आणि फट्‌, फट्‌, फट्‌, सगळं कपाट मोडून टाकलं. पोरी टेबलापाशी उभ्या राहून तो आवाज ऐकत होत्या आणि एकमेकींकडं बघून हसत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी. आजही कुणी विचारलं की मी सांगते, मान वर करून सांगते, मी त्या वॉर्डातली आया होते.

क्लार्क पुढं कारण विचारायचा बंद झाला. आमच्या पोरी सरळ दमले लिहायच्या, सुट्टी घ्यायच्या, परत यायच्या. कुणी संपलं नाही.

मी रिटायर व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. एका शाळकरी पोरासाठी मोठे साहेब सकाळपासून ऑपरेशनला उभे होते. पोर हाती लागलं नाही. दुपारी मी लिननमध्ये होते, सिस्टरही होत्या. दारात कुणीतरी येऊन थांबलं. बघते तर मोठे साहेब. आत येईनात, जाईनात. त्या खोलीत त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

"काय साहेब?" सिस्टर म्हणाल्या.

"काही नाही. ठीक आहे. असंच," ते म्हणाले, आणि थबकले. त्यांनाही माहीत होतं की. साऱ्या दवाखान्याला माहीत होतं.

सिस्टरांनी विचारलं, "आज काय जेवलात?"

"काहीच नाही, सिस्टर," साहेब म्हणाले. आवाज असा आला की मीच खाली बघितलं.

सिस्टरांनी ढिगातली चादर उचलली आणि एक टोक त्यांच्या हातात दिलं. मी माझा डबा आणायला निघाले. कडक भाकरी होती, शेंगाची चटणी होती, दोघांना पुरली असती. दारातून मागं वळून पाहिलं तर साहेबांनी टोक भलतंच धरलेलं, चादर मधेच लोंबत होती, आणि आमच्या सिस्टर पोरींना सांगायच्या तशाच आवाजात सांगत होत्या:

"ताठ धरा, साहेब. जमिनीला लागू देऊ नका. हं. आता या चालत माझ्याकडं. हळू या, घाई नाही."